शाळेतल्या मुलांना शेती शिकवायची कशी: जून ते मे, एक पूर्ण वर्ष

१ जुलैला, वसंतराव नाईकांच्या जयंतीला, आपल्याकडे कृषी दिन असतो. बहुतेक शाळांत त्या दिवशी एक भाषण होतं, चार रोपं लागतात, फोटो निघतात. ‘शेतकरी हा जगाचा पोशिंदा’ या वाक्याने निबंध सुरू होतो आणि त्याच वाक्याने संपतो. पण पहिला पाऊस पडला की लगेच पेरणी का करत नाहीत, असं विचारलं तर शेतकऱ्याच्या घरातलं पोरही गप्प बसतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शेतीचं महत्त्व सांगत बसू नका. चार-पाच मुलांच्या गटाला एक वाफा द्या आणि बियाणं तपासण्यापासून माल तोलून हिशेब लिहिण्यापर्यंत सगळं त्यांच्या अंगावर टाका. पुढचा आराखडा चौथी ते आठवीच्या वर्गांसाठी आहे, आणि तो गावातली जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. शहरातल्या शाळांसाठी काय बदलायचं ते शेवटाकडे येईल.

जागा आणि मापं

मोठ्या जागेच्या मागे लागू नका. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असे पाच-सहा वाफे पुष्कळ झाले. रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर मधल्या तणापर्यंत लहान हात पोचत नाहीत आणि मुलं वाफ्यात पाय देतात. दिवसातून सहा तास ऊन हवं, पाणी जवळ हवं. खिचडीनंतर मुलं हात धुतात त्या पाण्याचा पाट वळवता आला तर फारच छान. साबणाचं पाणी असेल तर ते पालेभाजीला न देता केळीच्या आळ्यात सोडा.

कुंपण आधी, वाफे नंतर. गावातल्या शेळ्या कुणाची वाट बघत नाहीत. तुराट्या, बाभळीच्या फांद्या, जुन्या साड्या, जे मिळेल ते लावा.

आखणीच्या दिवशी गणिताचा तास वाफ्यावरच घ्या. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एक एकर. एवढं गावातल्या मुलांना बहुधा ऐकून माहीत असतं. दोरीने एक गुंठा मैदानावर आखून त्याच्या कडेने मुलांना चालवा, मग तो आकडा खरा वाटायला लागतो. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आर असं लिहिलेलं असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०० आर म्हणजे एक हेक्टर, म्हणजे साधारण अडीच एकर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, हे मुलांना स्वतः गुणाकार करून काढू द्या.

सातबारा दाखवायचा असेल तर तुमच्या स्वतःच्या घरचा किंवा एखाद्या शिक्षकाचा आणा. ‘कुणाकडे किती एकर आहे?’ हा प्रश्न वर्गात विचारू नका. वर्गात शेतमजुरांची मुलं असतात, ज्यांच्या घरची जमीन सावकाराकडे गेली ती मुलं असतात. हात वर करायला लावून त्यांना सगळ्यांसमोर उभं करण्यात काय शिकवणं आहे? एक प्रश्न मात्र जरूर विचारा: उताऱ्यावर नाव कुणाचं आहे, आणि खुरपणी-निंदणी, वेचणी, मळणीच्या वेळची पाखडणी घरात कोण करतं? मुलांना घरी जाऊन आईच्या एका दिवसाची कामं लिहून आणायला सांगा. त्या याद्या वर्गात वाचल्या की वेगळं काही बोलावं लागत नाही.

माती

सरळ उभ्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती भरा, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवा आणि खिडकीत ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, गाळाला काही तास लागतात आणि चिकणमातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असतं. शाळेच्या आवारातली मुरमाड माती आणि ओढ्याकाठची काळी माती अशा दोन बरण्या शेजारी ठेवल्या की काळ्या रानात पाणी का धरून राहतं आणि उन्हाळ्यात भेगा का पडतात, ते मुलांना दिसतं.

मोठ्या मुलांकडून माती परीक्षणाचा नमुना घ्यायला लावा. रानात चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खोल खड्डे, कडेची माती खरवडून एकत्र करायची, सावलीत वाळवायची, अर्धा किलो पिशवीत भरायची. खत टाकलेली जागा, बांध, झाडाखालची माती टाळायची. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारलं तर ते मार्ग दाखवतात.

बियाण्याची चाचणी: इथे घाई करू नका

संपूर्ण वर्षातला हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त शिकवणारा भाग आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडते, पेरणीही त्याच सुमाराला. तेव्हा पहिल्याच आठवड्यात उरकून घ्या.

घरचं राखून ठेवलेलं सोयाबीन मुलांकडून मागवा. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून घ्या. त्यावर दहाच्या दहा ओळी, असे १०० दाणे निवड न करता मांडा. ‘निवड न करता’ हे तीनदा सांगा, कारण मुलं टपोरे दाणे शोधून लावतात. वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, अलगद गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले मोड आलेले दाणे मोजा. १०० पैकी ७८ उगवले तर उगवण ७८ टक्के. शेकडेवारीचा धडा यापेक्षा सोपा होत नाही.

सोयाबीनसाठी ७० टक्के ही किमान धरली जाते. त्याहून कमी आली तर एकरी बियाणं वाढवायचं किंवा ते पेरायचंच नाही. हा निकाल घेऊन मूल घरी जातं आणि म्हणतं, ‘आबा, आपलं बी साठच टक्के उगवलं.’ आबा आधी हसतील, मग गोणपाट बघायला शाळेत येतील. पालकसभेला जे येत नाहीत ते यासाठी येतात.

एक सक्त ताकीद. दुकानातलं गुलाबी, लाल, निळ्या रंगाचं बियाणं मुलांच्या हातात देऊ नका. त्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं.

देशी वाणांसाठी आज्यांना गाठा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली, हे मुलांना सांगाच. पण त्याआधी ‘तुमच्या आजीकडे मडक्यात काय आहे ते बघून या’ म्हणा. राखेत घोळलेले वाल, दोडक्याचं बी, काळे घेवडे निघतात. बाटलीवर वाणाचं नाव, आजीचं नाव आणि कधी पेरतात ते लिहून शाळेत मांडा.

पाऊस मोजायचा

तोंडापासून तळापर्यंत सारख्या रुंदीचा डबा किंवा बरणी घ्या, उघड्यावर झाडापासून लांब ठेवा आणि आत उभी पट्टी बुडवून मिलिमीटर मोजा. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठची असते, आपलीही तीच ठेवा. रविवारी आणि सुट्टीत कोण मोजणार ते आधी ठरवा.

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर ६० चौरस मीटर असेल आणि १० मिलिमीटर पाऊस झाला, तर ६०० लिटर पाणी पन्हाळीतून वाहून गेलं. हे गणित फळ्यावर झालं की टाकी ठेवायची मागणी मुलांकडूनच येते.

आता सुरुवातीचा प्रश्न: पहिला पाऊस पडला की लगेच पेरणी का करत नाहीत? खरिपाची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. वरवरच्या ओलीवर बी उगवतं आणि पाऊस ओढ देतो तेव्हा कोंब करपतो. मग दुबार पेरणी: बियाणं पुन्हा विकत, मजुरी पुन्हा, आणि हंगाम मागे पडलेला तो पडलेलाच. दोन कुंड्यांत हे करून दाखवता येतं. एकीत माती खोलवर भिजवा, दुसरीत फक्त वरची बोटभर. दोन्हींत मूग टाका आणि नंतर पाणी देऊ नका. पहिल्या दिवसांत दोन्हीकडे कोंब येतात; पुढे काय होतं ते मुलांना लिहू द्या.

काय लावायचं

पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, भुईमूग, मका आणि कुंपणावर दोडका, भोपळा. दिवाळीनंतर मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, थोडा हरभरा. कडेला शेवगा, कढीपत्ता, पपई एकदाच लावून ठेवा. मेथी महिन्याभरात काढणीला येते, म्हणून ज्यांचा धीर लवकर सुटतो त्या वर्गाला मेथीच द्या. कोथिंबिरीसाठी धने चपलेने हलके रगडून दोन फाका करायचे. अख्खे टाकले तर उगवण विरळ होते.

तुमची शाळा ऊसतोड मजुरांच्या पट्ट्यात असेल तर दिवाळीच्या आसपास निम्मा वर्ग कारखान्याच्या वाटेला लागतो. अशा ठिकाणी हंगाम जून ते ऑक्टोबरमध्ये संपेल अशीच पिकं घ्या. जे मूल पेरून गेलं त्याला काढणी दिसलीच पाहिजे.

एकच पीक निवडायचं झालं तर मी भुईमूग निवडेन. महिनाभरात पिवळी फुलं येतात. फूल वाळतं आणि त्याच्या बुडातून जांभळट, सुईसारखी आरी खाली वाकत मातीकडे निघते. मातीत शिरली की तिच्या टोकाला शेंग धरते. फूल वर, फळ खाली! ज्या मुलांनी आयुष्यभर शेंगा खाल्ल्या आहेत त्यांनाही हे ठाऊक नसतं; बरेचजण शेंग मुळाला लागते असं ठामपणे सांगतात. आरीला रंगीत दोरा सैलसा बांधून रोज बघायला लावा. एका झाडाखाली, आऱ्या सुटण्याआधी, जाड प्लॅस्टिकचा तुकडा अंथरा. काढणीला शेजारच्या झाडाला शेंगा आणि याच्या आऱ्या वरच सुकलेल्या. आऱ्या सुटल्यावर रानात कोळपं (ओळींमधलं तण काढायचं औत) का घालत नाहीत आणि भुईमुगावरून रिकामा ड्रम का फिरवतात, याचं उत्तर मुलं आपोआप देतात.

त्याच पिकात आणखी एक गोष्ट. दीड महिन्याने एक झाड मुळासकट अलगद उपटा, मुळं पाण्यात हलवून धुवा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. नखाने एक चिरा. आतून गुलाबी-लाल निघाली तर गाठीतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देत आहेत. पांढुरकी किंवा हिरवट असेल तर काम चालू नाही. कडधान्यानंतर ज्वारी चांगली का येते हे आजोबा सांगतात, त्याचं कारण इथे हाताला लागतं.

मक्याच्या कणसाचे केसही मोजायला द्या. एकेक केस एकेका दाण्याचा असतो. ज्या केसावर तुऱ्याचे पराग पडले नाहीत तिथे दाणा भरत नाही. भोपळ्याचं मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे चिमुकला भोपळा असतो. सकाळी परिपाठाआधी नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि पराग मादी फुलावर टेकवायचे. ज्याने टेकवले तो त्या भोपळ्याचा मालक असल्यासारखा वागतो, वागू द्या.

खत आणि कीड

पालापाचोळा, शेण आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांचा खड्डा जूनमध्येच करा. जीवामृत करायचं असेल तर वीस लिटर पाण्याला एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळा, दोन-तीन दिवसांनी दहापट पाण्यात मिसळून बुंध्याशी द्या. हात साबणाने धुणं हा या पाककृतीचाच भाग समजा.

कीड दिसली की लगेच मारायला धावू नका. आधी वहीत चित्र. चवळीच्या शेंड्यावर मावा आला की काही दिवसांत ढालकिडे येतात आणि त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. हे एकदा पाहिलं की ‘प्रत्येक किडा शत्रू’ हा समज जातो. फारच वाढली तर निंबोळी अर्क: एका लिटरला ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, संध्याकाळी फवारायचा.

शाळेत रासायनिक कीटकनाशक आणायचं नाही. रिकामा डबासुद्धा पाण्यासाठी वापरायचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे मोठ्या मुलांना सांगावं. घरी फवारणीच्या दिवशी वडिलांनी तोंडाला फडकं बांधलं का, वारा पाठीमागून येत होता का, हे विचारणारी ती मुलंच असतात.

कामाच्या पाळ्या

पाणी, खुरपणी आणि नोंद यांच्या आठवड्याच्या पाळ्या भिंतीवर लावा. मुलींना पाणी आणि मुलांना कुदळ अशी वाटणी आपसूक होते, ती मोडा. खुरपं पाचवीपासून, विळा मोठ्यांच्या देखरेखीखालीच. गवतात थेट हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं; पावसाळ्यात घोणस, मण्यार निघू शकतात.

शेतीचं काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. ‘उशिरा आलास, जा वाफा खुरप’ हे एकदा बोललात की वर्षभराची मेहनत पाण्यात जाते. आणि तास बुडवून मुलांना राबवणंही नको. हातांनी काम करत शिकण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, पुढे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभा केला. दोन्हीकडे काम हाच धडा होता. मूल खुरपत असताना त्याला आज त्यातून काय कळलं, हे तुम्हाला सांगता येत नसेल तर ते काम थांबवा.

शिवारफेरी

सप्टेंबरमध्ये किंवा हुरड्याच्या दिवसांत न्या. पेरणीच्या आणि सुगीच्या धामधुमीत कुणाच्या रानात तीस पोरं नेऊ नका. लातूर, धाराशिव भागात वेळ अमावस्येला सगळं गाव रानातच असतं, त्याच्या आदल्या आठवड्यात ज्वारी पाहून ठेवली तर सणाच्या दिवशी मुलंच पाहुण्यांना रान दाखवतात.

प्रश्न आधी लिहून न्या. ‘शेती कशी करता?’ विचारलं तर ‘करतो अशीच’ हे उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: तात्या, मागच्या वर्षी काय लावलं होतं आणि यंदा ते का बदललं? विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं? वीज रात्री येते तेव्हा पाणी द्यायला कोण जातं? मजुरी कुणाला किती, बाईला आणि गड्याला वेगळी का? शेवटच्या प्रश्नाला तात्या जरा अडखळतील. अडखळू द्या.

हिशेब

प्रत्येक गटाची एक वही. डावीकडे खर्च, उजवीकडे उत्पन्न, आणि मुलांच्या कामाचे तास वेगळे. शेवटी माल तोलायचा आणि त्या दिवशीचा आठवडे बाजारातला भाव लावायचा, मग तो शाळेच्या खिचडीत गेला तरी चालेल.

समजा एका वाफ्यात मेथीच्या २० जुड्या निघाल्या आणि जुडीला १० रुपये भाव होता. झाले २०० रुपये. बियाणं ४० रुपये, खत ३० रुपये. मुलं खूश: १३० रुपये नफा! आता मजुरी लावा. सगळ्या गटाचे मिळून आठ तास, तासाला ४० रुपये, म्हणजे ३२०. वाफा १९० रुपये तोट्यात. इथे वर्गात हमखास प्रश्न येतो: ‘मग सर, लोक शेती करतात कशाला?’ घाईने उत्तर देऊ नका. एवढ्याशा वाफ्यावर मजुरी जास्त पडते, मोठ्या रानात ती वाटली जाते, हे प्रामाणिकपणे सांगा. पण घरच्या माणसांची मजुरी हिशेबात धरायची की नाही, हा प्रश्न फळ्यावर राहू द्या. त्यावर घरोघरी बोलणं होतं.

मग बाजार. कांद्याचा भाव क्विंटलवर निघतो. लासलगावला क्विंटलला १,२०० मिळाले असं धरलं तर किलोला १२ रुपये. त्यातून गाडीभाडं वजा करा. हाच कांदा शहरात किती रुपये किलो आहे, ते पुण्या-मुंबईच्या मामाला फोन करून विचारायला सांगा आणि मधल्या प्रत्येक हाताची यादी करा: वाहतूक, हमाली, तोलाई, व्यापारी, किरकोळ विक्रेता, वाटेत सडलेला माल. मधला प्रत्येकजण चोर, असा निष्कर्ष काढू नका; हमालाच्या पाठीवरचं ओझंही खरंच असतं. सातवी-आठवीला हमीभाव समजावता येतो: केंद्र सरकार सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा अशा ठरावीक पिकांना तो जाहीर करतं, कांदा आणि पालेभाज्या त्यात नाहीत.

शहरातली शाळा

गच्ची असेल तर स्लॅबवर वजन किती चालेल आणि गळती आहे का, हे आधी विचारून घ्या. रंगाचे रिकामे डबे नकोत. पिठाचे डबे, जुन्या बादल्या, तांदळाच्या गोण्या चालतात, तळाला भोकं हवीतच. मेथी, पालक, टोमॅटो, मिरची सहज येतात. शिवारफेरीची जागा भाजी मंडई भरून काढते: पहाटेची एक फेरी, गाडीतून माल उतरताना. बियाण्याची चाचणी, पाऊस आणि हिशेब हे तिन्ही भाग जसेच्या तसे करता येतात.

परीक्षा आणि उन्हाळा

लेखी परीक्षा घेऊ नका. मार्चमध्ये प्रत्येक गटाने आपली वही घेऊन पुढच्या वर्षी चौथीत येणाऱ्या मुलांना वाफा दाखवायचा. ज्याला लिहिता येत नाही पण खुरपणी उत्तम येते, त्याला तिथे बोलायला मिळतं.

बी धरायला प्रत्येक वाफ्यात एक-दोन झाडं काढणीनंतरही राखा: भेंडी झाडावरच वाळू द्या, दोडका तडकेपर्यंत ठेवा. मे महिन्यात पपई-शेवग्याला पाणी कोण घालणार, त्या मुलांची नावं, घराची दिशा आणि शाळेच्या फाटकाची किल्ली कुणाकडे, हे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कागदावर लिहून शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना द्या. आळ्यात पाचटाचं किंवा पाल्याचं जाड आच्छादन घातलं तर आठवड्यातून दोनदा पाणी पुरतं.